शिशाचे तळवे

"हात घाला बाबूजी अंदर. बोटाले काही लागते का, सांगा."

बुधाजीने बूट माझ्या टेबलावर, आवक रजिस्टरच्या बाजूला ठेवला. मी बाही वर करून हात आत घातला. चामडं रात्रभर भिजत ठेवलेलं होतं, आतून गार आणि बुळबुळीत. टाचेपाशी मधल्या बोटाला काहीतरी बारीक, टोकदार लागलं.

"आहे," मी म्हणालो. "टाचेत, डाव्या अंगाला."

"राह्यलाच ना एक," तो स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला आणि पक्कड घेऊन उंबऱ्यावर उजेडात जाऊन बसला.

फौजी बूट होते ते, बारा नंबरचे. अकोल्याच्या बाजारात लढाईतल्या जुन्या मालाचा ढीग लागे, त्यातून ओव्हरसियरसाहेबांनी निवडून आणलेले. तळाला ओळीने खिळे ठोकलेले, टाचेला लोखंडी नाल. सडकेवरून चालणाऱ्या शिपायासाठी केलेली ती वस्तू आम्हाला वीस फूट पाण्याखाली चालवायची होती. ज्या पायांत ते बूट जाणार होते, त्या पायांवर रबरी पोशाख असणार होता. तो फाटायला एका खिळ्याचं टोक पुरे होतं.

हे १९५९ च्या मे महिन्यातलं. गावाचं नाव लिहीत नाही. त्या वेळची माणसं अजून आहेत. गाव तालुक्याचं, आणि त्याला पाणी येई ते सात मैलांवरच्या बोरखेडीच्या तलावातून. तलावाच्या पोटात एक दगडी बुरूज आणि बुरजाला पाणी सोडायची दोन दारं होती, एक वरचं आणि एक पार बुडाशी. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला आणि पाणी वरच्या दाराच्या खाली गेलं. खालचं दार वीस वर्षांत कोणी उघडलं नव्हतं. ते उचलायचा लोखंडी दांडा फिरवायला गेले तर तो मधेच तुटला. वर उभं राहिलं की तलावात पाणी दिसे, वीस फूट खोल, हिरवं. गावात नळ कोरडे होते, विहिरींच्या तळाशी गढूळ थारोळं उरलेलं. तेच पाणी लोक प्याले, आणि तीन आठवड्यांत पटकीने अकरा माणसं गेली.

मी वॉटर वर्क्सच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. वय सव्वीस, नोकरीला दीड वर्ष झालेलं. बुधाजी आमच्याकडे रोजंदारीवर होता, पंपांचे चामड्याचे वॉशर कापायचा आणि इंजिनाचे पट्टे शिवायचा. लढाईत तो ब्रह्मदेशच्या बाजूला पलटणीबरोबर गेला होता, बूट दुरुस्त करणारा म्हणून. पंचेचाळिशीचा, उंच, थोडा पोक काढून चालणारा. छप्पन्न साली वस्तीतल्या सगळ्यांबरोबर नागपूरला जाऊन आला होता. त्यानंतर मेलेल्या ढोराचं काम वस्तीत कोणी करत नव्हतं, आणि बुधाजीही चामडं घ्यायचा ते स्टोअरमधून, कारखान्यात कमावलेलं, शिक्का मारलेलं.

बूट पायांत जाणार होते नत्थुजीच्या. नत्थुजी भोई, आमचा खलाशी. अकरा वर्षं हंगामी. पाण्याखाली त्याच्याइतका वेळ राहणारा माणूस आसपास नव्हता. आधी तो नुसत्या दमावर खाली गेला, एका दिवसात नऊ वेळा. दाराभोवती मांडीभर गाळ साचला होता. गाळात हात घालून दाराची अडकलेली खीळ चाचपेपर्यंत दम संपे. नवव्या खेपेला त्याच्या नाकातून रक्त आलं, तेव्हा पार्बताबाई, त्याची बायको, काठावरून पाण्यात उतरली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला बाहेर घेऊन आली.

मग ओव्हरसियर मुंबईला गेले आणि लढाईनंतरच्या लिलावातला एक पाणबुड्याचा पोशाख घेऊन आले. रबर लावलेल्या जाड कापडाचा, पायाच्या बोटांपासून मानेपर्यंत अखंड. वर तांब्याचा टोप, त्याला काच. टोपाला नळी, आणि काठावर हाताने चालवायचा हवेचा पंप. आत पाणी शिरत नाही, माणूस कोरडा राहतो. छातीवर आणि पाठीवर बांधायची वजनंही होती. बूट मात्र पेटीत नव्हते.

बुटांवाचून काय होतं ते आम्ही पाहिलं. छातीभर पाण्यात, पायऱ्यांपाशी, नत्थुजीला पोशाख घालून उतरवलं. तो दोन पावलं चालला आणि जरा वाकला, तोच आतली हवा पायांकडे गेली. दोन्ही पाय फुगून वर आले आणि डोकं खाली. बघणारे आधी हसले. टोप पाण्याखाली, रबरी पाय आभाळाकडे, झाड उपटून उलटं लावल्यासारखं. चौघांनी धरून सुलटा केला तेव्हा त्याचे डोळे तांबारलेले होते. "पाय हलके झाले की माणूस माणूस राहात नाई," एवढंच तो म्हणाला.

म्हणून ते बूट करायचे होते. पाय खाली ठेवतील असे.

बुधाजीने चार दिवस घेतले. आधी तळाचे सगळे खिळे उपटले आणि भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या. नळाच्या सांध्यात ओतायचं शिसं आमच्याकडे होतंच. वाळूत बुटाच्या तळाचा साचा उमटवून त्याने त्यात शिसं ओतलं आणि ते तळवे तांब्याच्या रिव्हेटांनी बसवले. एक बूट सोळा पौंडांचा झाला. आत नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, जाड थर घातला. रबराचा पाय वर चढल्यावर मावावा म्हणून बुटाचा पुढचा भाग पार बोटांपर्यंत चिरून, तिथे मऊ चामड्याची रुंद जीभ शिवली. माझ्या बोटाला लागलेलं ते टोक काढल्यावर त्याने शाळेतून फुटबॉलचा ब्लॅडर मागून आणला, बुटात घालून गच्च फुगवला, आणि दोन तास बूट टेबलावरून खाली, खालून वर आपटत राहिला. ब्लॅडर तसाच टणक राहिला. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू येईलसं वाटलं, पण त्याने लगेच दुसरा बूट घेतला.

नत्थुजी रोज संध्याकाळी बघायला येई. बुटात पाय घालून उभा राही आणि हलवून पाही, पाय हलत नसे.

"लग्नात मले सासऱ्यानं जोडा देल्ला नाई," तो म्हणाला. "आता भेटला त शिशाचा."

"घालूनच या घरी," पार्बताबाई दारातून म्हणाली. ती त्याचा डबा घेऊन आली होती. "बाबाले दाखवू. म्हनतीन, जवाई जड झाला."

नत्थुजी हसला. तीही हसली, पण बुटाकडे तिने पाहिलं नाही.

प्रश्न उरला तो बांधायचा. आमच्याकडची काळी माती पाण्यात कशी होते ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पावसाळ्यात वावरात पाय टाकला की चिखल वहाण ओढून घेतो, पाय येतो आणि वहाण तिथेच राहते. तलावाच्या बुडाशी तीच माती, शंभर वर्षं साचलेली. साधी लेस बांधली तर पहिल्याच पावलाला बूट गाळात राहील, पाय हलके होतील आणि माणूस उलटा होईल. म्हणून बुधाजीने दोन पट्टे लावले, एक पावलावरून आणि एक घोट्याभोवती. ते शिवून टाकायचे, दोरीने आवळून गाठ मारायची, की बक्कल लावायचं, एवढंच ठरायचं होतं.

पोशाखाच्या पेटीत एक इंग्रजी पुस्तिका होती. ओल लागलेली, बरीच पानं एकमेकांना चिकटलेली. स्टोअरमध्ये इंग्रजी वाचणारा मीच. पुस्तकं मी पुष्कळ वाचत असे, पण चारचौघांत वाचून दाखवायचं म्हटलं की माझा आवाज आत जाई. ती मी दोन रात्री घरी वाचली. बुटांविषयी एक वाक्य होतं: बूट मदतनिसाने असे बांधावेत, की पाण्याखाली असताना पाणबुड्याला ते स्वतः काढता येऊ नयेत. का, ते पुढच्या पानावर असावं. ते पान कुजलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ते वाक्य मराठीत सांगितलं. बुधाजी आणि नत्थुजी दोघंही होते. ओव्हरसियर बाहेर जीपपाशी कोणाशी तरी बोलत उभे होते.

नत्थुजी म्हणाला, "ज्यानं लिवलं तो बोरखेडीच्या चिखलात उतरला होता का?"

मी म्हणालो, तसं पुस्तकात आहे.

"बुधाजी," तो म्हणाला, आता हसत नव्हता. "खाली मले कोनी दिसत नाई, मी कोनाले दिसत नाई. माह्या पायाची गाठ माह्या हाताले सुटली पाह्यजे. मी काही दावनीचा बैल नाई."

हातातला पट्टा बुधाजीने बोटाभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा काही सांगेन असं त्याला वाटलं असावं. मला सांगता आलं असतं. पण मला माझ्या इंग्रजीची खात्री वाटेना, गाळाची तर मला काहीच माहिती नव्हती, आणि ज्या माणसाला खाली जायचं होतं त्याच्यापुढे खुर्चीवर बसून पुस्तकातलं बोलणं मला कसंतरी वाटलं. ओव्हरसियरांना जाऊन सांगावं असं मनात आलं. ते जीपमध्ये बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुटांना बक्कल होतं. पलटणीच्या पट्ट्याचं, पितळी. बुधाजीने त्याच्या जिभेला चामड्याचा एक लांब कान शिवला होता, ओल्या, बधिर बोटांनीही धरता यावा असा. तो कान ओढला की बक्कल एका झटक्यात सुटे. त्याने डोळे मिटून चार-पाचदा ते करून पाहिलं. इतकं नीट केलेलं काम मी त्याआधी फारसं पाहिलं नव्हतं.

आम्ही शनिवारी सकाळी तलावावर गेलो. पिपं बांधून केलेला तराफा बुरजापाशी नांगरलेला होता. दोघं पंपावर, दोघं दोरावर. ओव्हरसियर सोला हॅट घालून उभे. माझ्याकडे घड्याळ आणि पाटी होती. खालून दोराला एक झटका आला म्हणजे ठीक, दोन म्हणजे नळी ढिली सोडा, तीन म्हणजे वर ओढा. पार्बताबाई काठावर पळसाखाली बसली होती. बुधाजीने खाली बसून नत्थुजीच्या पायांत बूट चढवले. जीभ नीट केली, पट्टे ओढले, बक्कल लावलं. मग दोन्ही हातांनी दोन्ही घोटे धरून क्षणभर तसाच बसला. नत्थुजीने टोपातून काहीतरी म्हटलं. काचेमागे ओठ हलले, ऐकू आलं नाही. बुधाजी उठला.

आठ वाजून दहा मिनिटांनी तो पाण्याखाली गेला. पाय खाली, डोकं वर, सरळ. बुडबुडे बुरजाच्या दिशेने सरकत गेले. बूट काम करत होते. बुधाजीने पहिल्यांदाच पाठ सरळ केली.

आठ सत्तावीसला एक झटका. आठ चाळीसला दोन. मग बराच वेळ एकेक, पाच-सहा मिनिटांनी. मी पाटीवर लिहीत होतो. नऊ वाजून सहा मिनिटांनी धरणाच्या पायथ्याशी उभा केलेला माणूस धोतराचा सोगा हलवू लागला. पाटात पाणी आलं होतं. आधी काळं, शाईसारखं, मग तपकिरी. ओव्हरसियरांनी हॅट काढली आणि पंपावरच्या माणसाची पाठ थोपटली. काठावर लोक उभे राहिले. कोणीतरी जाऊन पार्बताबाईला सांगितलं, दार उघडलं म्हणून. ती उठली नाही. तिचं लक्ष बुडबुड्यांकडे होतं.

नऊ दहाला तीन झटके आले.

दोरावरच्या दोघांनी ओढलं. दोर ताठ झाला आणि तसाच राहिला. पुन्हा ओढलं. तराफा एका बाजूला कलला. दाराशी काम करता करता नत्थुजी गाळात रुतला होता, मांडीपर्यंत की कमरेपर्यंत, ते वरून कळायला मार्ग नव्हता.

"आणखी दोघं लावा," ओव्हरसियर म्हणाले.

"थांबा साहेब," बुधाजी म्हणाला. "चिखलानं धरून ठेवलं त्याले. ओढू नका तसं. ढील द्या, मंग हयू हयू ओढा. पाय सोडवाले वेळ द्या त्याले."

ओव्हरसियरांनी ऐकलं नसेल, किंवा ऐकलं असेल आणि तेही घाबरले असतील. त्यांना दोष देण्याइतकं मी त्या दिवशी काही केलं नव्हतं. चौघांनी ओढलं. दोर पाण्यातून बाहेर येताना पिळल्यासारखा थेंब गाळत होता. मी पाटीवर नऊ चौदा लिहिलं. त्यापुढे काय लिहावं ते सुचलं नाही.

आणि दोर एकदम सैल झाला. चौघंही मागे पडले.

तराफ्यापासून पंधरा हात दूर पाणी उसळलं आणि दोन पाय वर आले. फुगलेले, रबरी, चकचकीत. पायांत बूट नव्हते.

खाली काय झालं ते मी पाहिलेलं नाही, कोणीच पाहिलेलं नाही. पण इथल्या मातीत वाढलेला माणूस चिखलाने पाय धरला की काय करतो, ते मला माहीत आहे. तो वहाण सोडतो. लहानपणापासून हजार वेळा सोडलेली असते. वरून चौघं ओढताहेत, खालून माती सोडत नाही, आणि मधे आपण. हात आपोआप घोट्याकडे गेला असेल. हाताला तो लांब कान लागला असेल. त्या बोटांसाठीच तो शिवलेला होता.

त्याला सुलटा करायला आम्हाला फार वेळ लागला. फुगलेले पाय धरता येत नव्हते, हातातून निसटत. उलटताना हवेची नळी टोपाभोवती फिरून मुडपली होती, ते नंतर दिसलं. पंपावरचे दोघं सगळा वेळ जीव तोडून पंप मारत होते आणि हवा कुठेच पोचत नव्हती. तराफ्यावर घेऊन टोपाचे आठ नट सोडेपर्यंत नऊ एकेचाळीस झाले. हे मी पाटीवर लिहिलं. का लिहिलं, माहीत नाही.

काठावर आणल्यावर पार्बताबाई त्याच्या डोक्याशी बसली. रबर अंगातून निघेना. बुधाजीने रापी काढली आणि पायांकडून पोशाख चिरत वर आला, खालच्या कातडीला पातं लागू नये म्हणून दोन बोटं आत घालून, सावकाश. ओव्हरसियर म्हणाले, पोशाख सरकारी आहे. आपण काय बोललो ते त्यांनाही कळलं असावं. ते दूर जाऊन उभे राहिले. पाय मोकळे झाले. कोरडे होते. घोट्यावर पट्ट्याचा पुसट वळ होता, बाकी कुठे खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

त्याच संध्याकाळी गावात नळांना पाणी आलं.

आठ दिवसांनी अमरावतीहून चौकशीला साहेब यायचे होते. आदल्या दिवशी ओव्हरसियरांनी मला बोलावून बुधाजीचा जबाब लिहून ठेवायला सांगितलं. मजकूर त्यांनीच सांगितला. बूट सदर इसमाने आपल्या अकलेने केले. सदर इसम अडाणी असून त्यास या कामाची समज नव्हती. बक्कल लावल्यास धोका आहे हे त्यास ठाऊक नव्हते.

"माणूस भला आहे," ते म्हणाले. "त्याला त्रास नको आणि आपल्यालाही नको. अडाण्याला कोण धरतं?"

पुस्तिकेचा उल्लेख त्यात नव्हता. मीही काढला नाही. मी सुवाच्य अक्षरात जबाब लिहिला.

दुपारी बुधाजी आला. धुतलेला सदरा घातला होता. मी कागद पुढे ठेवला आणि सवयीने शाईची गादी उघडून त्याच्या हातापाशी सरकवली. त्याने गादीकडे पाहिलंही नाही. कागद उचलून डोळ्यांपासून लांब धरला, आणि एका एका ओळीखाली बोट फिरवत वाचू लागला. वस्तीत रात्रीचा वर्ग चालतो हे मी ऐकून होतो. तो तिथे जात असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

"समज नव्हती, असं मी म्हटलं का तुमाले?"

"नाही," मी म्हणालो. "साहेबांनी सांगितलं. बुधाजी, तुमच्याच भल्याचं आहे. असं लिहिलं म्हणजे प्रकरण मिटतं."

"कोनाचं मिटते?"

बाहेर हौदात पाणी पडत होतं. आठ दिवस तो आवाज चालूच होता.

"तुमी वाचून दाखवलं, मी आयकलं," तो म्हणाला. "मले समजलं होतं. रातभर इचार केला. गाठ मारून टाकली अन् चिखलात फसला त तिथंच राहीन, असं वाटलं. अन् त्याचा चेहरा पाह्यला होता मी, दावनीचा बैल नाई म्हनला तवा. म्हनून बक्कल लावलं. आता वाटते, गाठ मारली असती त बरं. कधी वाटते, तरी बी गेलाच असता. काही समजत नाई." तो थांबला. "पन ते मी इचार करून केलं, बाबूजी. कुत्र्या-मांजरानं नाई केलं. चूक हाये त माह्या अकलेची हाये. तेवढं त माह्यं राहू द्या."

मी म्हणालो, तुम्हाला नोकरीवरून काढतील.

"काढतीन," तो म्हणाला.

त्याने माझ्या हातातून टाक घेतला. 'अडाणी असून' पासून 'ठाऊक नव्हते' पर्यंत एक सरळ रेघ मारली, चामडं कापायच्या आधी आखतात तशी. वर मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: मला समज होती. खाली सही केली. सही करायला त्याला बराच वेळ लागला. मग कागदावर फुंकर घालून शाई वाळवली.

"अन् तुमचं कुठी लिवलं?" त्याने विचारलं. विचारण्यात टोमणा नव्हता. माझाही जबाब असेल आणि तो कुठेतरी ठेवलेला असेल, असं त्याला खरंच वाटलं होतं.

"माझा मागितला नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मान हलवली, टाक दौतीत ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या साहेबांनी मला एकच विचारलं, स्टोअरमधून शिसं किती दिलं. मी आकडा सांगितला. पुस्तिका माझ्या खणात होती. खण आणि माझे गुडघे यांच्यात वीतभर अंतर होतं. ते चहा घेऊन गेले.

एक जूनपासून बुधाजीचं हजेरीचं कार्ड निघालं नाही. तो तेल्हाऱ्याला एका जिनिंगमध्ये पट्टे शिवायला गेला असं कळलं. मग काहीच कळलं नाही. ओव्हरसियरांची बदली धारणीला झाली. नत्थुजीला कायम करण्याचा प्रस्ताव अकरा वर्षांत कधी पाठवलाच गेला नव्हता, हे मला फाइल शोधताना दिसलं. मी मात्र कायम झालो, आणि त्याच ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो.

पार्बताबाईच्या गल्लीच्या तोंडाशी सार्वजनिक नळ होता. सकाळी तिथे बायांची रांग लागे. ती तिथे कधी दिसली नाही. जुन्या चावडीमागे एक विहीर होती, मचूळ पाण्याची, ज्यात डाळ शिजत नाही म्हणून लोकांनी सोडून दिलेली. त्या पावसाळ्यापासून ती तिथूनच पाणी भरी. माझी ऑफिसची वाट चावडीवरूनच होती. दुसरीही एक वाट होती, लांबची. काही दिवस मी त्या वाटेने गेलो, पण नंतर ते मला जास्तच लाजिरवाणं वाटू लागलं.

मला पाहिलं की ती पदर सारखा करी आणि विचारी. दरवेळी तेच, इतकी वर्षं.

"बाबूजी, नयाले पानी येऊन राह्यलं ना?"

"येतंय," मी म्हणे.

"साफ येते?"

"हो. साफ येतं."

"बरं," ती म्हणे, आणि वाकून बादली विहिरीत सोडी.